एकटं मूल दिसलं तर परस्पर गाडीत बसवून देऊ नका

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना सुलतानपूर लागतं. लोणारचं सरोवर पाहायला जाणारी माणसं इथूनच वळतात. पुण्याकडे कामाला निघालेले, नागपूरकडे परतणारे, ऊसतोडीच्या टोळ्या, वीटभट्टीवरची कुटुंबं अशा सगळ्यांची ये-जा याच रस्त्यानं चालते. रस्त्यावरच्या गावाला एकटं मूल अगदीच नवं नसतं. हॉटेलात कपबश्या विसळणारा, मराठीचा एक शब्द न येणारा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. रात्री नऊ वाजता स्टँडवर पिशवी पोटाशी धरून बसलेली मुलगी. ट्रकमधून उतरलेलं आणि आपण कुठल्या राज्यात आलो हेही ठाऊक नसलेलं एखादं लेकरू. अशा वेळी गाव वाईट वागत नाही. कुणी चहा-बिस्किट देतं, कुणी खिशातून शंभराची नोट काढतं आणि पुढच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं जातं, "दादा, याला जालन्याला उतरवून द्या, तिथून रेल्वे मिळेल त्याला." गाडी सुटते आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

हे करू नका, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मूल घरातून का निघालं हे आपल्याला माहीत नसतं. ते मुकादमाच्या तावडीतून पळालेलं असेल, तर जालन्याच्या स्टेशनवर तोच मुकादम उभा असू शकतो. घरातल्याच कुणाच्या तरी अत्याचाराला कंटाळून निघालेलं असेल, तर आपण भलेपणानं त्याला पुन्हा त्याच दारात नेऊन सोडतो. लग्न टाळण्यासाठी निघालेली मुलगी असेल, तर तिला मांडवात पोचवायचं काम आपल्या हातून होतं. यातलं काहीही नसलं आणि मूल खरोखरच चुकलेलं असलं, तरी त्याची नोंद कुठंच होत नाही. शोधणारे आईबाप एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरत राहतात आणि आपलं लेकरू सुलतानपूरला दिसलं होतं हे त्यांना कधीच कळत नाही.

कायद्यानं या मुलासाठी एक वाट आखून ठेवली आहे. ती परिपूर्ण नाही, कधी रेंगाळते, कधी त्रासही देते. पण तिच्यावर नोंद आहे, जबाबदार माणूस आहे आणि मागितला तर वकील आहे. परस्पर गाडीत बसवलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

पहिला तास

आधी पाणी, मग खाणं, मग चौकशी. हा क्रम मोडू नका. मुलाला चारचौघांत दिसेल अशा, पण गर्दीचा घेराव पडणार नाही अशा जागी बसवा. गावातली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई बोलावून घ्या. मुलगी असेल तर एखादी बाईमाणूस तिच्याजवळ हवीच. प्रश्न थोडेच विचारा: नाव काय, भूक लागली का, कुठं दुखतंय का, कुणाची भीती वाटतेय का. "पळून आलास का?" हा प्रश्न मुलाला लगेच आरोपीच्या जागी बसवतो, तो विचारूच नका. मूल हिंदी बोलत असेल तर आपणही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलावं. मैथिली, भोजपुरी, बंगाली, नेपाळी अशी भाषा असेल आणि काही कळत नसेल, तर ओढूनताणून अर्थ लावू नका. पुढच्या कामासाठी दुभाषा लागेल एवढी नोंद करून ठेवा.

लगेच 1098 हा नंबर लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 साली मुंबईत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. 2023 पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेमार्फत चालते आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो. मुलाला मारहाण होत असेल, कुणी ओढून नेत असेल, तर थेट 112 लावा. फोनवर ठिकाण नीट सांगा, कारण सुलतानपूर नावाची गावं देशात पुष्कळ आहेत: "बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका, सुलतानपूर." अंदाजे वय, भाषा, जखम आहे का, सोबत कुणी आहे का हेही सांगा. फोन किती वाजता केला आणि पलीकडे कोण बोललं हे एका कागदावर टिपून ठेवा. पुढं कुणी "आम्हाला कळवलंच नाही" म्हणालं, तर हा कागद उपयोगी पडतो.

आता काय करू नये ते. फोटो काढू नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हा मुलगा कुणाचा आहे, ओळख पटवा, जास्तीत जास्त शेअर करा" असा मेसेज टाकायला हात शिवशिवतो. हेतू चांगलाच असतो. पण बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तो फोटो सगळ्यात आधी नेमका त्या माणसापर्यंत पोचतो, ज्याच्यापासून मूल पळालं.

"मी याचा मामा आहे" म्हणत कुणी आलं तरी मूल त्याच्या हवाली करू नका. हॉटेलमालक, ठेकेदार, मुकादम आला तर नाहीच नाही. त्याला शांतपणे सांगा, "पोलीस येताहेत, तुमचं जे म्हणणं असेल ते त्यांना सांगा." खरा मामा थांबतो.

मुलाला आपल्या घरी ठेवून घेण्याचा मोहही टाळा. अनेक भल्या घरांतून, विशेषतः मूलबाळ नसलेल्या घरांतून, "राहू द्या आमच्याकडं, शिकवू आम्ही" असं म्हटलं जातं. त्या मायेबद्दल मला शंका नाही. पण एकटं, हरवलेलं, टाकून दिलेलं मूल हाती लागल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत हेल्पलाइनला, पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं कलम 32 प्रमाणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. दत्तक घेण्याची, प्रतिपालक होण्याची वाट वेगळी आहे. ती समितीकडूनच जाते.

पोलीस आल्यावर

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचा हुद्दा सहायक उपनिरीक्षकाच्या खाली नसतो. मुलाशी बोलायचं काम त्याचं आहे. ठाण्यात गेल्यावर त्याचंच नाव विचारा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि शक्यतो त्याच्याशी गणवेशात बोलायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. त्यात मुलाचा जबाब त्याच्या राहत्या किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो आणि कोणत्याही मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. असा गुन्हा ठाऊक असून न कळवणाराही त्याच कायद्यात दोषी ठरतो.

चोवीस तासांत मुलाला बालकल्याण समितीसमोर हजर करायचं असतं. प्रवासाला लागलेला वेळ यातून वगळलेला आहे. समितीचं कामकाज बुलढाण्याला चालतं आणि सुलतानपूरहून बुलढाणा काही जवळ नाही. म्हणून "उद्या सुट्टी आहे, समिती बसत नाही, परवा पाहू" असं उत्तर मिळू शकतं. ते मान्य करू नका. समितीची बैठक नसेल तेव्हा एकट्या सदस्यासमोरही मूल हजर करता येतं, हे बाल न्याय कायद्याच्या कलम 28 मध्ये स्पष्ट आहे. आणि हजर करायला पोलीसच लागतात असंही नाही. समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका, कोणताही शासकीय सेवक मूल घेऊन समितीपुढे जाऊ शकतो. मूल स्वतःहूनही जाऊ शकतं.

समितीपुढं

या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तरी ती कोर्टासारखी दिसू नये, मुलाला धाक वाटू नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. समिती मुलाला तात्पुरतं बालगृहात ठेवते आणि सामाजिक तपासणीचा आदेश देते. ती तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत व्हायला हवा. मुलाचं म्हणणं ऐकणं हा या सगळ्याचा गाभा आहे. "मला घरी जायचं नाही" असं मूल म्हणालं, तर का ते शोधून काढणं समितीचं काम आहे.

वयाचा प्रश्न इथं हमखास उभा राहतो. ठेकेदार म्हणतो, "साहेब, पोरगा अठराचा आहे, आधार कार्ड बघा." कलम 94 मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. आधार हा वयाचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलं आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मुलाच्या गावच्या शाळेचं नाव विचारून घ्या. मुख्याध्यापकाला एक फोन केला आणि प्रवेश रजिस्टरच्या पानाची प्रत मिळाली, तर महिनाभराचा वाद तिथंच संपतो.

मूल परजिल्ह्यातलं किंवा परराज्यातलं निघालं, तर कलम 95 लागतं. त्याच्या गावच्या जिल्ह्यातल्या समितीशी बोलून, परत जाणं त्याच्या हिताचं आहे याची खात्री करून, सोबत माणूस देऊन त्याला पाठवायचं असतं. मुलगी असेल तर सोबत महिला हवी. आपल्या कंडक्टरच्या भरवशावर पाठवण्यात आणि या पाठवण्यात फरक आहे तो हाच. इथं दोन्ही टोकांना त्याची वाट पाहणारं आणि त्याच्याबद्दल उत्तर देणारं कुणीतरी असतं.

समितीचा आदेश चुकीचा वाटला, तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते.

वकील मागा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथं. लोक म्हणतात, "लेकरू आहे, त्यानं काही गुन्हा केला नाही, त्याला वकील कशाला?" गुन्हा त्यानं केला नाही, पण त्याच्यावर झालेला असू शकतो. आणि ज्यानं तो केला त्याच्याकडं वकील असतोच.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 चं कलम 12 पाहा. मोफत कायदेशीर मदत कुणाला, याच्या यादीत मुलं आहेत, स्त्रिया आहेत, मानवी वाहतुकीचे बळी आहेत. मुलासाठी उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागत नाही, ते कुठल्या राज्याचं हेही विचारलं जात नाही. बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत त्याच्या समित्या आहेत. कोऱ्या कागदावर अर्ज चालतो. 15100 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करूनही मागणी नोंदवता येते. मिळालेल्या वकिलाला एक रुपयाही द्यायचा नसतो. मागितला गेला, तर त्याच प्राधिकरणाच्या सचिवांकडं लेखी तक्रार करा.

जगाकडं पाहिलं की या कलमाची किंमत कळते. अमेरिकेत एकट्यानं सीमा ओलांडून आलेलं मूल स्थलांतर न्यायालयात उभं राहतं, तेव्हा सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क त्याला नाही. एखादी संस्था धावून आली तर वकील, नाही तर ते मूल, न्यायाधीश आणि समोर सरकारचा वकील. आपल्याकडं हा हक्क 1987 पासून लिहिलेला आहे आणि आपण तो मागतच नाही. मला हे फार लागतं.

वकील कुणाचा आहे हेही पाहा. ज्यानं मुलाला कामाला जुंपलं त्यानंच "पोरासाठी वकील" आणून उभा केला, असं घडतं. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयानं 'प्रेरणा' या संस्थेच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलींचा तो विषय होता. आरोपी दलालाच्या बाजूनं उभा राहणारा वकील त्याच प्रकरणात पीडित मुलीच्या बाजूनं उभा राहू शकत नाही, असं न्यायालयानं बजावलं. म्हणून मुलासाठी येणारा वकील प्राधिकरणानं नेमलेला असावा, आणि ते नेमणूकपत्र समितीला दाखवलं जावं, हा आग्रह धरा.

हा वकील नेमकं काय करतो? कामाला लावलेलं मूल असेल, तर गुन्हा योग्य कलमांखाली नोंदला गेला का, हे तो पाहतो. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीला ठेवणं गुन्हा आहे आणि चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामं मना आहेत. बालमजुरीच्या कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनंतर सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड किंवा दोन्ही आहे. पण मूल डांबून ठेवलं, पगार दिला नाही, राबवून घेतलं, तर बाल न्याय कायद्याचं कलम 79 लागतं आणि तिथं कैद पाच वर्षांपर्यंत जाते. आणि फसवून, विकत घेऊन, आमिष दाखवून आणलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे, त्यात मुलाच्या बाबतीत किमान दहा वर्षं सश्रम कारावास आहे. कोणतं कलम लागलं यावर आरोपीला उद्या जामीन मिळतो की नाही हे ठरतं. म्हणून एफआयआरची प्रत वकिलाच्या हातात लवकर पडली पाहिजे.

आईबापांनी घेतलेली उचल फेडण्यासाठी मूल राबत असेल, तर ती वेठबिगारी आहे आणि 1976 चा कायदा लागतो. तिथं उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्यायचं असतं. हा एक कागद नसेल तर पुढचं पुनर्वसन अडतं. केंद्राच्या योजनेत मुलं आणि स्त्रियांसाठी दोन लाख रुपये, फार गंभीर प्रकरणांत तीन लाख, आणि खटल्याचा निकाल लागायची वाट न पाहता तातडीची मदत म्हणून तीस हजारांपर्यंत रक्कम आहे. प्रमाणपत्र मुलाला परत पाठवण्याआधी घ्या. एकदा ते बिहारला किंवा उत्तर प्रदेशात गेलं, की हा कागद मिळवणं जिकिरीचं होतं. लैंगिक अत्याचार झाला असेल तर राज्याच्या मनोधैर्य योजनेची मदतही याच विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते.

मूल गावी परतल्यावर साक्षीचं काय, ही आणखी एक अडचण. तारीख बुलढाण्यात, मूल दरभंग्यात. एवढ्या लांब कोण घेऊन येणार? साक्ष होत नाही, आरोपी सुटतो आणि पुन्हा नवी मुलं आणतो. यावर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोडगा दिला. दुसऱ्या राज्यात तस्करी झालेल्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातल्या न्यायालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात बसून व्हिडिओद्वारे साक्ष देता येते. पण त्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज मुलाचा वकीलच करील.

संशय म्हणजे पुरावा नव्हे

इथं दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर हा लेख अर्धाच राहील. मे 2023 च्या अखेरीस दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची 59 मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून घेण्यात आली. बालतस्करीचा संशय होता. सोबतच्या पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. मुलं सुमारे बारा दिवस नाशिक आणि भुसावळच्या बालगृहांत राहिली. ती सांगलीकडे मदरशात शिकायला निघाली होती. पुढं तपासात तस्करीचा पुरावा मिळाला नाही, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं सांगून रेल्वे पोलिसांनी प्रकरण बंद केलं. भुसावळ म्हणजे आपल्या मलकापूरच्या शेजारचंच जंक्शन.

यातून "फोन करायलाच नको" असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की कळवणं आपलं काम आहे, निकाल देणं नाही. मुलाची टोपी, भाषा, आडनाव पाहून तस्करी ठरवू नका आणि सोबतच्या माणसाला मारहाण तर मुळीच करू नका. आईवडिलांचा नंबर मिळाला तर तो यंत्रणेला द्या आणि त्यांच्याशी त्याच दिवशी बोलणं व्हावं म्हणून पाठपुरावा करा. मुलाला वकील मिळालेला असेल, तर अशी चूक लवकर दुरुस्त होते. बालगृहातला एक जास्तीचा दिवसही मुलाला फार मोठा असतो.

परदेशी मूल

मूल नेपाळचं, बांगलादेशाचं किंवा म्यानमारमधून जीव वाचवून आलेलं असेल, तर लोक बिचकतात. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या करारावर भारतानं सही केलेली नाही. पण बालहक्कांची संहिता भारतानं 1992 मध्ये स्वीकारली आणि निर्वासित मुलांच्या संरक्षणाचं कलम तिच्यात आहे. संविधानाचं कलम 21 'व्यक्ती'ला जगण्याचा हक्क देतं, फक्त नागरिकाला नव्हे. तेव्हा अशा मुलालाही आधी बालकल्याण समितीसमोरच न्यायचं आणि त्यालाही वकील मागायचा. मानवी वाहतुकीचा बळी ठरलेल्या परदेशी व्यक्तीवर केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून खटला भरू नये, असं केंद्रीय गृह मंत्रालयानं 2012 मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. वकिलानं ते पत्र सोबत ठेवावं.

महाराष्ट्राला हे परकं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला होता. त्यांत कितीतरी अनाथ मुलं होती. त्यांच्यासाठी तिथं शाळा चालल्या.

आपलंच लेकरू बाहेर असेल तेव्हा

लोणार, सिंदखेड राजा, मेहकर या भागातून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला, सुरतेला जातात. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी स्टँडवर बसलेलं एकटं मूल आपलंही असू शकतं. आईबाप स्थलांतर करत असतील, तर मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय मागा. मूल सोबत न्यायचंच असेल, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, त्यावर दुसऱ्या गावची शाळा त्याला बसवून घेते. दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. आणि मुलाला घरातला एक मोबाइल नंबर तोंडपाठ करायला लावा. फोनमध्ये साठवलेला नंबर फोन हिसकावला की जातो.

मूल हरवलं तर "चोवीस तास थांबा" हे उत्तर बेकायदा आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडं जातो. हद्दीचा वाद घालून ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही, शून्य क्रमांकानं एफआयआर घ्यावाच लागतो.

आपल्या जिल्ह्यातलं मूल सुरतेत किंवा मुंबईत सापडलं, की घराची सामाजिक तपासणी करायला कुणीतरी गावात येतं. सरपंचांना, पोलीस पाटलांना, शेजाऱ्यांना विचारतं, "या घरात मूल परत पाठवलं तर नीट राहील का?" अशा वेळी गावात एक रीत आहे: "चांगलं घर आहे साहेब, काही प्रॉब्लेम नाही." कुणाच्या घरातलं बाहेर कशाला सांगा, ही भीड त्यामागं असते. ही भीड बाजूला ठेवा. बाप दारू पिऊन मारत असेल, सोळाव्या वर्षी लग्न ठरवलं असेल, मुकादमाची उचल डोक्यावर असेल, तर ते सांगा. लग्नाचा धोका असलेली मुलगीही बाल न्याय कायद्यात संरक्षणाला पात्र आहे. आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. शेजाऱ्यांच्या दोन खऱ्या वाक्यांवर त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं, कारण बुलढाण्यात बसलेल्या समितीच्या हातात शेवटी तोच अहवाल असतो.

घर गरीब आहे एवढ्यासाठी मात्र मूल घरापासून तोडू नये. कायदाही कुटुंबालाच पहिली पसंती देतो. अशा घरासाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलाला महिना 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व आहे. एक पालक गेलेल्या, आजारानं किंवा तुरुंगवासानं कमावता माणूस हरवलेल्या घरांनी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करावा. परतलेलं मूल पुन्हा निघून जाऊ नये, याची ही सगळ्यात स्वस्त तजवीज आहे.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असतात. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे. येत्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठं आहे. त्याच सभेत ठराव मांडा की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, स्टँडवर आणि रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात 1098, 112 आणि 15100 हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. हॉटेलमालकांना आणि गाडीच्या कंडक्टरांनाही सांगून ठेवा: सुलतानपूरहून एकटं मूल गाडीत चढवायचं नाही, आधी फोन करायचा.